ओहायोतली शिकवणी

पहिल्या आठवड्याचा निबंध बाईंनी परत दिला तेव्हा त्यावर लाल शाईचा टिपूसही नव्हता. शिसपेन्सिलीने काढलेले गोल होते, मोजून अकरा. प्रत्येक गोलात माझं एकेक क्रियापद कोंडलेलं, आणि समासात बारीक अक्षरात अकरा वेळा तोच प्रश्न : कोणी?

विषय हॉब्जचा होता, म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाचा. माणसं राज्यसत्तेचं का ऐकतात, यावर चार पानं लिहायची होती. मी लिहिलं होतं, ‘सुरक्षिततेसाठी सर्व अधिकार राजाकडे सोपवले गेले.’ लिहिलं अर्थात इंग्रजीत, पण वाक्याचं हाड मराठीच होतं. बारावीपर्यंत राज्यशास्त्राच्या पेपरात मी अशीच वाक्यं लिहीत आले होते. ‘लोकशाही ही सर्वोत्तम शासनपद्धती मानली जाते.’ ‘राज्यघटनेत अधिकारांची विभागणी करण्यात आली आहे.’ ‘पंचायत राज व्यवस्थेला चालना देण्यात आली.’ कोण मानतं, कोणी केली, कोणी दिली, हे कुठल्याच परीक्षकाने कधी विचारलं नाही. मार्क मात्र भरभरून दिले.

‘सोपवले गेले,’ बाईंनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं. ‘कोणी सोपवले?’

‘लोकांनी.’

‘कोणाशी करार करून?’

‘राजाशी.’

‘कुठल्या पानावर आहे हे?’

पान मला सापडेना, कारण ते नव्हतंच. हॉब्जची माणसं करार करतात ती एकमेकांशी. मी माझा हक्क सोडतो, तूही सोड, आणि दोघं मिळून तो तिसऱ्याच्या हाती देऊ. राजा त्या करारात कुठेच नाही. त्याने कोणाला शब्द दिलेला नाही, म्हणून तो शब्द मोडू शकत नाही, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध तक्रारही चालत नाही. इंग्लंडात राजाचं मुंडकं उडवलं १६४९ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या पुस्तकाची सगळी मदार या एका कर्त्यावर आहे. आणि माझ्या वाक्यातून मी नेमका तोच गाळला होता.

शंभर जणांच्या वर्गात हे खपून गेलं असतं. इथे खोलीत दोघीच होतो, एक बाई आणि एक मी.

ओहायो विद्यापीठ अथेन्स नावाच्या गावात आहे. कोलंबसच्या आग्नेयेला सव्वाशेएक किलोमीटरवर, टेकड्यांच्या कुशीत. विटांचे रस्ते, कडेने वाहणारी हॉकिंग नदी, आणि वस्ती विद्यार्थी धरूनसुद्धा २५ हजारांच्या आसपास. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाएवढी. विद्यापीठ १८०४ सालचं. त्यात १९७२ पासून ऑनर्स ट्यूटोरियल कॉलेज म्हणून एक छोटं कॉलेज आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची रीत उचलून ती पदवीच्या पहिल्या वर्षापासून लावलेली. दर सत्रात आपल्या विषयाचं एक ट्यूटोरियल, बहुधा एकास एक. बाकीचे तास चारचौघांसारखे वर्गात, आणि शेवटच्या वर्षी प्रबंध. मुलं दरवर्षी थोडीच घेतात. मी गेले २०१४ मध्ये : थोडी शिष्यवृत्ती, बरंचसं कर्ज, आणि सुट्टीत राहायला कोलंबसच्या काकांचं घर.

आईला हे फोनवर समजावताना माझी पुरेवाट झाली. ‘म्हणजे तुला एकटीलाच शिकवतात?’ ‘हो.’ ‘वर्ग नाही?’ ‘याला नाही.’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘अगं, मग शिकवणीच की ही!’ आमच्याकडे शिकवणी लावतात ती गणितात मागे पडलेल्या पोराला. शेजारच्या काकूंनी तर हळहळून विचारलं म्हणे, ‘कर्ज काढून एवढ्या लांब धाडली, आणि तिथंबी शिकवणीच लावाय लागली व्हय?’ मी खूप हसले तेव्हा. पुढे दोनेक महिन्यांनी वाटायला लागलं की काकूंचं निदान बरोबरच होतं. मागे पडलेली होतेच मी. ते तोवर कोणी पकडलं नव्हतं, इतकंच.

बाईंना मी बाई म्हणते ते इथे, मराठीत. तिथे त्यांनी पहिल्याच दिवशी पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं होतं. ते माझ्या जिभेला चार वर्षांत जमलं नाही. मी हाक मारणंच टाळायचे. साठीच्या पुढच्या, पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून खुर्चीपर्यंत एक पाऊलवाट राखून बसणाऱ्या. दुपारी तीनला त्या दार लोटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘वाच.’ मग मी माझा निबंध मोठ्याने वाचायचा.

हे मोठ्याने वाचणं काय चीज आहे, ते केल्याशिवाय कळत नाही. रात्री एक वाजता संगणकावर जे वाक्य भारदस्त वाटलेलं असतं, तेच दुसऱ्या माणसासमोर तोंडातून बाहेर पडताना पोकळ भांड्यासारखं वाजतं. आपल्यालाच आधी ऐकू येतं. कितीदा तरी मी वाक्य अर्ध्यात तोडून म्हणायचे, ‘हे मला असं म्हणायचं नव्हतं.’ बाई म्हणायच्या, ‘मग कसं?’ आणि गप्प बसायच्या. त्यांचं गप्प बसणं हे माझ्या शिक्षणातलं सगळ्यात महागडं साधन. वर्गात मास्तर प्रश्न विचारतात आणि कोणी बोललं नाही तर पाच सेकंदांत स्वतःच उत्तर देतात. बाई द्यायच्या नाहीत. खिडकीबाहेर बघत बसायच्या. एकदा मी भिंतीवरच्या घड्याळात मोजलं : दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. करून बघा कोणासमोर.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मी न वाचता गेले. ताप होता असं सांगणार होते. ताप नव्हता, दुसऱ्या विषयाची परीक्षा होती. त्या आठवड्याला तोकव्हीलचं अमेरिकेवरचं पुस्तक होतं. सव्वीस वर्षांचा हा फ्रेंच माणूस १८३१ च्या डिसेंबरात आगबोटीतून ओहायो नदी उतरला आणि दोन्ही काठांकडे बघत राहिला. डावीकडे केंटकी, तिथे गुलामगिरी; उजवीकडे ओहायो, तिथे ती निषिद्ध. माती तीच, हवा तीच, पाणी तेच. तरी एका काठावर माणसं अर्धवट ओसाड शेतांत पांगलेली आणि दुसऱ्या काठावर कामाची गजबज, हे त्याने टिपलं. डाव्या काठावर काम करणं म्हणजे गुलामाचं लक्षण, त्यामुळे गोऱ्या माणसाला त्याची लाज. उजव्या काठावर त्याच कामातून माणूस वर येतो. ज्या गावी मी राहत होते, तिथून ती नदी गाडीने तासाभराच्या आत. म्हणजे जे प्रकरण मी वाचलं नव्हतं, ते माझ्या दाराशीच घडलेलं होतं.

पाचव्या मिनिटाला बाईंना कळलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरची स्वतःची प्रत माझ्यापुढे सरकवली, पान उघडून दिलं आणि म्हणाल्या, ‘वाच. मी कॉफी घेऊन येते.’ चाळीस मिनिटं त्या आल्या नाहीत. दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या पुस्तकात, तीस वर्षांच्या पेन्सिलखुणांमधून वाट काढत मी ते प्रकरण वाचलं. समासात तिथेही ठिकठिकाणी ‘कोणी?’ लिहिलेलं. म्हणजे तोकव्हीललाही सोडलं नव्हतं. परत आल्यावर कप ठेवत त्यांनी विचारलं, ‘नदीने केलं का हे?’ मी म्हटलं, ‘नाही, कायद्याने.’ ‘कायदा कोणी केला?’ तास संपला होता. ते उत्तर पुढच्या गुरुवारसाठी राहिलं.

त्या उत्तराकडे येतेच, पण मधे एक सांगून टाकते. ही ट्यूटोरियलची पद्धत मला जितकी आवडली तितकीच ती मला डाचत राहिली. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात बेंजामिन जोवेट १८७० ते १८९३ मास्टर, म्हणजे कॉलेजचा प्रमुख, होता. विद्यार्थ्याला एकट्याला समोर बसवून त्याच्या निबंधाच्या चिंध्या करण्यात त्याचा हातखंडा, आणि इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी मुलं तयार करण्याचा त्याला ध्यास. १८८८ ते १९०५ या काळात हिंदुस्थानात लागोपाठ तीन व्हाइसरॉय आले : लॅन्सडाउन, एल्गिन, कर्झन. तिघेही बेलियलचे. टिळकांवरचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला एल्गिनच्या कारकिर्दीतला. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या खोलीतून प्रश्न विचारणाऱ्यांना तुरुंगात घालणारी राजवट चालवायला माणसं निघाली, हे मी बाईंना एकदा ऐकवलं. जरा चिडूनच. त्या म्हणाल्या, ‘खोलीने काय होतं? त्यांना तिथे एक प्रश्न कोणी विचारला नसेल.’ ‘कुठला?’ ‘तुला माहीत आहे कुठला.’ मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. एका मास्तरामागे एक विद्यार्थी ही चैन आहे. ती ज्यांना मिळते त्यांच्या अंगात एक सराईतपणा येतो. अर्धं वाचून पूर्ण बोलता येतं. माझ्यातही तो आला आहे. नोकरीच्या मुलाखतींत त्याचा मला फायदाच झाला, म्हणून तक्रार करायला तोंड नाही.

तर कायदा कोणी केला. १३ जुलै १७८७ ला न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या अमेरिकी काँग्रेसने ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलखासाठी एक अध्यादेश काढला. त्याच उन्हाळ्यात तिकडे फिलाडेल्फियात बंद दाराआड अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती, त्यामुळे याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. पण नदीच्या उजव्या काठावर गुलामगिरीला बंदी आली ती या अध्यादेशाच्या सहाव्या कलमाने. तिसरं कलम शिक्षणाचं. ते आमच्या कॉलेज ग्रीनवरच्या एका कमानीवर कोरलेलं आहे आणि मी दिवसातून दोनदा तरी त्याखालून जायचे. धर्म, नीती आणि ज्ञान ही चांगल्या राज्यकारभाराला आणि मानवजातीच्या सुखाला आवश्यक असल्याने शाळा आणि शिक्षणाची साधनं यांना सदैव उत्तेजन दिलं जाईल, असं ते वाक्य.

नोव्हेंबरात हवा चांगली होती म्हणून बाईंनी एक ट्यूटोरियल चालता चालता घेतलं. कमानीखाली थांबल्या. काही बोलल्या नाहीत. मी दगडातली अक्षरं पुन्हा वाचली, आणि या वेळी पेन्सिलीचा गोल माझा मलाच दिसला. उत्तेजन दिलं जाईल. कोणी?

मराठी शाळेत व्याकरणाच्या तासाला प्रयोग शिकलो होतो. कर्तरी, कर्मणी, भावे. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात क्रियापद कोणाच्या तालावर नाचतं, ते ओळखायचं. मार्क मिळवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. या कमानीखाली पहिल्यांदा वाटलं की राज्यशास्त्राचा निम्मा अभ्यास त्या तासाला होऊ शकला असता. कारण पुढची गंमत अशी : ओहायो राज्याने १८५१ मध्ये नवी राज्यघटना केली, आणि तिच्या सहाव्या अनुच्छेदात शाळांचंच कलम आहे. तिथे वाक्य उलटलं. सार्वजनिक शाळांची ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ व्यवस्था राहील अशी तरतूद विधिमंडळाने करायची आहे, असं लिहिलं. चौसष्ट वर्षांनी वाक्याला कर्ता मिळाला. आणि कर्ता मिळाला म्हणजे त्याला कोर्टात खेचता येतं.

खेचलाही. अथेन्सला लागून पेरी काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. तिथल्या कोर्टात १९९१ मध्ये शाळांनी, पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून राज्यावर दावा लावला. पहिल्या वादीच्या नावावरून तो ‘डीरॉल्फ’ खटला म्हणून ओळखला जातो. ओहायोत शाळेचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. कराचं माप ‘मिल’. एक मिल म्हणजे करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. जिथे बंगले आणि कारखाने आहेत तिथे एका मिलमध्ये शाळेला जलतरण तलाव येतो. जिथे कोळसा काढून नेल्यावर पोकळ टेकड्याच उरल्या आहेत, तिथे दहा मिल लावले तरी छप्पर होत नाही. त्यात १९७६ च्या एका कायद्याने अशी पाचर मारून ठेवली की जमिनीच्या किमती चढल्या तरी मंजूर झालेल्या करातून शाळेला मिळणारी रक्कम त्या प्रमाणात चढत नाही. मग महागाईला पुरं पडायचं तर शाळेने दर काही वर्षांनी मतदारांकडे जाऊन हात पसरायचा : आमच्यासाठी कर वाढवून घ्याल का?

मार्च १९९७ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. निकालपत्रात शाळांची वर्णनं आहेत, आणि ती वाचताना इंग्रजी वाचतोय असं वाटत नाही. जुन्या कोळशाच्या भट्टीमुळे बाकांवर साचणारी काजळी. एका शाळेतली बँडची मुलं कोळसा साठवायच्या जुन्या कोठारात सराव करायची. हवा खेळायला जागा नाही, पोरांची डोकी दुखायची. ज्या कोळशावर हा मुलूख उभा राहिला, त्यातून त्यांच्या वाट्याला काय आलं, तर रिकामं कोठार. न्यायालयाने पुढे २००० मध्ये आणि २००२ मध्येही हेच सांगितलं, की पद्धत घटनेत बसत नाही. २००३ मध्ये त्याने या खटल्यातून हात काढून घेतला. कर्ता ठरला होता. त्याच्याकडून काम करून घ्यायला कोणी उरलं नाही.

माझा प्रबंध यावर झाला. म्हणजे खटल्यावर नाही, त्याच्या मागून येणाऱ्या मतदानावर. घरांपुढच्या हिरवळीवर ‘शाळेसाठी हो म्हणा’ असे फलक रोवलेले असायचे आणि मला त्यांचं फार अप्रूप. शाळेसाठी कर द्यायचा की नाही यावर लोक मत देतात, आणि पुष्कळदा ‘नाही’ म्हणतात, हे आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला पचत नव्हतं. आमच्याकडे मास्तरांचा पगार सरकारकडून येतो. छप्पर, रंग आणि संगणक लोकवर्गणीतून, आणि ती कोणी किती दिली ते भिंतीवर रंगवलेलं असतं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. हे मी बाईंना सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘राजा कर्ता आहे म्हणून सोपं गेलं,’ त्या म्हणाल्या. ‘इथे कर्ता आपण सगळे. त्यातलाच प्रत्येक जण संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या वीजबिलाशेजारी तो कर मांडतो.’

एका गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत अशी एक सभा मी मागच्या बाकावर बसून ऐकली. खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा उठले. हातात टोपी, आवाज अगदी साधा. ते म्हणाले, माझ्या नातवंडांसाठी मी ‘हो’ म्हणेन, पण मला एवढं सांगा, कंपनी गेली तेव्हा तिने काय भरलं? व्यासपीठावरून उत्तर आलं, की त्या काळी तशा सवलती देण्यात आल्या होत्या. मी वहीत ते वाक्य उतरवलं आणि खाली गोल काढला. मग मान वर केली तर आजोबा तसेच उभे होते, उत्तर मिळाल्यासारखे नाही आणि न मिळाल्यासारखेही नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ओहायोच्या ८८ पैकी फक्त आठ काउंट्या हिलरी क्लिंटनच्या बाजूने गेल्या. अथेन्स त्यांतली एक. चहूबाजूंच्या टेकड्या दुसरीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात पुष्कळ जण एकमेकांना विचारत होते की हे झालंच कसं. मला ती टोपी आठवत होती.

मधे एक आठवडा असा आला की शिकवणी उलटली. तिसऱ्या वर्षी बाई म्हणाल्या, ‘या वेळी वाचायला तू दे.’ मी दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ला जोडलेली अर्पणपत्रिका, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती केलेली आहे. दुसरा, बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध. वय वर्षं पंचवीस. मी जरा ताठ्यातच गेले होते. या खोलीत पहिल्यांदाच मला जास्त माहीत होतं. मी अर्धा तास भाषण ठोकलं, त्यात ‘अस्पृश्यता लादली गेली’ हे किमान तीनदा.

बाईंनी मला काहीच विचारलं नाही. निबंधातली एक ओळ काढून माझ्यापुढे धरली. काहींनी दार लावून घेतलं. इतरांना ते आपल्यावर बंद झालेलं आढळलं, अशा अर्थाची ती ओळ आहे. मी ती दहादा वाचलेली होती. त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं की एका वाक्यात दोन प्रयोग आहेत. पहिल्या अर्ध्यात कर्ता आहे, हात आहे, दार ओढण्याची क्रिया आहे. दुसऱ्या अर्ध्यात नुसतं बंद दार. जातींची उतरंड मनूने एकट्याने बसवली हे बाबासाहेब त्याच निबंधात खोडून काढतात. एका माणसाच्या आवाक्यातलं ते काम नव्हे, म्हणतात. म्हणजे खोटा कर्ता आधी बाजूला केला, मग खरा दाखवला, आणि मग नक्कल करत गेलेल्या सगळ्यांनाही ओळीत उभं केलं. पंचविसाव्या वर्षी. त्यांना पेन्सिलीचे गोल कोणी काढून दिले होते, कोण जाणे.

‘हा माणूस तुला शाळेत शिकवला नाही?’ बाईंनी विचारलं.

‘शिकवला. घटनेचे शिल्पकार म्हणून.’

‘आणि हे?’

‘हे नाही.’

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीच माझ्याशी पूर्ण केला.

शेवटचं ट्यूटोरियल २०१८ च्या एप्रिलमध्ये झालं. प्रबंध बांधून टेबलावर होता. त्या दिवशी मी त्यांना आमची सरकारी मराठी ऐकवली. बाबा पंचायत समितीत कारकून. त्यांची वाक्यं ऐकतच मी लहानाची मोठी झाले. ‘सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ ‘आपणांस कळविण्यात येते की.’ भाषांतर करून सांगताना मला हसू आवरेना, कारण इंग्रजीतसुद्धा त्यात माणूस येईना. बाई हसल्या नाहीत. ‘कर्ता लपवला की फायदा कोणाचा होतो?’ मी तयारच होते. ‘सत्तेत असणाऱ्यांचा.’ नेहमीसारख्या त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नेहमी?’ आणि दारावर पुढचा मुलगा टकटक करायला लागला.

बाबा त्यानंतरच्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्त कारकून म्हणजे गावाचा अर्जलेखक. पेन्शनपासून विहिरीपर्यंत सगळ्यांचे कागद आमच्या ओसरीवर येतात. मी सुट्टीला घरी होते तेव्हा शाळेच्या छताचा अर्ज चालू होता. पावसात तिसरीचा वर्ग गळतो, मुलं चौथीत दाटीवाटीने बसतात. बाबांनी लिहिलं होतं, ‘सदर बाब यापूर्वीही कार्यालयाच्या निदर्शनास आणून देण्यात आली आहे.’ सवयीने माझा हात पेन्सिलीकडे गेला. मी गोल काढला.

‘हे काय?’

‘आणून देण्यात आली म्हणजे कोणी आणून दिली, बाबा? तुम्हीच ना? तीन वेळा?’

‘तीनदा.’

‘मग तसं लिहा. तारखा घाला.’

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘तीनदा दिली असं लिहिलं, की तीनदा कोणी बाजूला ठेवली ते आपोआप निघतं. आणि हा कागद जाणार त्याच्याच टेबलावर. नाव निघालं की तो राखण करत बसेल आपल्या खुर्चीची. छत राहील तिथंच. असं लिहिलं की त्याला वाट मिळते. कोणाचंच काही चुकलेलं नाही, म्हणून तो सही करतो.’

मी काही बोलले नाही. खिडकीबाहेर बघितलं.

‘खोडरबर आहे का गं?’ त्यांनी विचारलं. घरात नव्हता. मग त्यांनी गोल काढलेला कागद वहीखाली सरकवला, नवा कोरा घेतला आणि वर तारीख घातली. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा वाईट आणि त्यांचे डोळे आता दुखतात, त्यामुळे मी मजकूर सांगायचा आणि त्यांनी लिहायचं असं ठरलं. ‘प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी,’ मी सुरुवात केली. पेन चालू झालं. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात थांबवला आणि वाट बघत बसले.

‘छताची दुरुस्ती,’ मी म्हटलं, ‘करण्यात यावी.’